दुसरा ओटीपी

"थांबा. आता कोणीच काही दाबू नोका," असं म्हणत आपा माऊसवर तळहात ठेवायच्या आणि शांतपणे पडद्याकडं बघत बसायच्या. कार्डाचं पेमेंट फेल झालं की माणूस घाबरतो, पुन्हा बटण दाबतो आणि पैसे दोनदा कापले जातात. असे पुष्कळ जण त्यांनी पाहिले होते.

जळगाव जामोदच्या स्टँडसमोर त्यांचं ऑनलाइन सेंटर होतं आणि शेजारी माझं वह्या-पुस्तकांचं दुकान. त्यांचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. ते गेल्यावर धाकट्या बहिणींची लग्नं आपांनी लावली, स्वतःचं तेवढं राहून गेलं.

पैसे कापले आणि फॉर्म भरला गेला नाही, की माणसं रडकुंडीला यायची. "पैसा गेला नाई, भाऊ, वाटेत अडकला. गेलेल्यात अन् अडकलेल्यात फरक असते," असं सांगून आपा बँकेला फोन लावायच्या. पलीकडून नुसतं संगीत वाजत राहायचं. त्या फोन कानाशी धरून मेथी निवडायला घ्यायच्या. बहुतेक वेळा जुडी संपायची, तेव्हा कुठं बँकेचा माणूस बोलायचा.

एका गुरुजींना पिन मोठ्यानं सांगायची खोड होती. आपा दोन्ही कान झाकून घ्यायच्या. "गुरुजी, मी बहिरी झाली, पण तुमच्या मागची रांग बहिरी नाई."

बोंडअळीनं कपाशी खाल्ली, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. सोनाळ्याचे एक शेतकरी मुलीला घेऊन आले. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता आणि संध्याकाळपर्यंत फी भरली नाही तर जागा जाणार होती. मी सुटे मागायला गेलो होतो, तो तिथंच थबकलो. पेमेंट होत नव्हतं, कारण ओटीपी येतच नव्हता.

"खात्याले नंबर कोणाचा देला?" आपांनी विचारलं.

मुलगी हळूच म्हणाली, "दादाचा."

दादा पुण्याला कंपनीत होता. मागचं सगळं तिनंच सांगितलं. आदल्या साली, बीटी कपाशीला अळी लागत नाही म्हणून बापानं महागाचं बियाणं आणलं, आणि बोंडं फोडली तर आत अळी. "मी आता वावरात पाय ठेवत नाई," असं पोरगा म्हणाला. "मंग घरातही ठेवू नको," असं बाप म्हणाला. तेव्हापासून दोघं बोलले नव्हते.

आपांनी मुलीकडून नंबर घेतला आणि फोन स्पीकरवर लावला. पोरानं सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही कोण, मले माहीत नाई. ओटीपी मी कोणाले सांगत नसतो."

आपांना ते आवडलं. "शायना हायेस. नोको सांगू. तुह्या बाबांशी बोल." त्यांनी फोन बापापुढं धरला.

बापानं फोनकडं मान वाकवली. मग ते म्हणाले, "मी बोलून राह्यलो."

"बाबा?" पोरानं विचारलं, "यंदा कपाशी कशी हाये?"

"बरी हाये. फवारा मारला. तू जेवतं ना बराबर?"

पडद्यावर ओटीपीची मुदत संपत आली होती. मी आपांना खूण केली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मुदत संपली. ते दोघं बोलतच होते, आता बैलाबद्दल. आपा पुटपुटल्या, "जाऊ द्या. दुसरा मागवता येते."

बोलणं ओसरल्यावर त्यांनी दुसरा मागवला. पोरगा एकेक आकडा सांगत गेला, बाप मागोमाग म्हणत गेला आणि आपा टाइप करत गेल्या. फी भरली गेली.

ते गेल्यावर मी विचारलं, "तेवढ्यात साइट बंद पडली असती तर?"

"भ्याव मलेही वाटलं," आपा म्हणाल्या. "पण मधातच तोडलं असतं, तर पुन्हा कोणी कोणाले फोन केला असता?"

मला हे सुचलं नसतं. मी घड्याळाकडंच बघत होतो.

पुढं एका हिवाळ्यात आपांना ताप आला. अकोल्याला नेलं, त्या परत आल्या नाहीत. त्यांच्या सेंटरच्या जागी आता मोबाइलची कव्हरं लटकतात. तरी बाजाराच्या दिवशी कोणीतरी हातात फोन धरून येतं, कव्हरांमधून आत डोकावतं आणि मला विचारतं, "आपा कुठी गेल्या?"

मी सांगतो. ते मान हलवतात आणि निघायचं सोडून थोडा वेळ तिथंच उभे राहतात.