तिला आधी सांगाया पायजे

पौड रस्त्यावरच्या छोट्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या बाईंकडे मी दर महिन्याला साखर तपासायला जातो. त्या कुणाचं नाव मोठ्यानं पुकारत नाहीत. बाकापाशी येतात, वाकून हळूच म्हणतात, "चला." रिपोर्ट देतात तोही घडी घालून.

मध्यंतरी तिथल्या कंपाउंडरनं कासारसाईच्या एका सुनेच्या रिपोर्टचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. डॉक्टर म्हणाले, "फोटो काढून टाकायला लावू, आपसात मिटवू."

"न्हाई सर," बाई म्हणाल्या. "जिचा रिपोर्ट हाय, तिला आधी सांगाया पायजे. मग वर कळवाया पायजे. नियम हाय तसा."

त्या स्वतः त्या सुनेच्या घरी जाऊन सांगून आल्या. मग वरच्या कार्यालयात तक्रार दिली. कंपाउंडरची नोकरी गेली. तो सगळ्यांचा लाडका होता. तेव्हापासून दवाखान्यात बाईंना कुणी चहाला बोलवत नाही.

परवा गेलो, तर त्या मशीनशेजारी एकट्याच डबा खात होत्या. न राहवून मी विचारलं, "ती सून तरी येते का भेटायला?"

"न्हाई वो. रस्त्यात दिसली तर पदर पुढं वढून निघून जाती." त्यांनी डबा बंद केला. "तिचं काय चुकलं? मला बघितलं की तिला तेच आठवत आसंल."

हात धुऊन त्यांनी सुई घेतली. "मूठ वळा," म्हणाल्या. रक्त काढून झालं, कापूस लावला, तरी माझा हात त्यांनी जरा वेळ तसाच धरून ठेवला. मीही तो काढून घेतला नाही.