समोरचा हात

आईला विश्रामबागेतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात न्यायचो, तेव्हा शिराळ्याचे एक निवृत्त फौजी तिथे असत. त्यांच्या बायकोचा उजवा हात लुळा पडला होता. मांडीवर टॉवेल पसरून ते तिच्यासमोर डाव्या तळहातावर दोन चेंडू फिरवायला शिकत. चेंडू निसटला की ती हसे, "आवं, बंदूक कशी धरत हुता?"

"डाव्या हाताने का?" मी विचारलं.

"ती समोर बसती. आरशागत दिसलं म्हंजी तिला जमंल."

आई गेल्यावर तिची तिथे राहिलेली काठी आणायला गेलो. फौजींची बायकोही गेली होती, तरी ते येऊन बसले होते. डाव्या हातावर चेंडू संथ फिरत होते.

"जमलं की!"

"व्हय. बघाय ती न्हाई."

मी समोरच्या खुर्चीत बसलो आणि उजवा हात पुढे केला.