पाठ नसलेला कॅमेरा

दादाचा हात थरथरतो हे मला त्याच्या हाताकडे बघून कळलं नाही, त्याच्या फोटोंवरून कळलं. नागपुरात सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत आमचा लहानसा स्टुडिओ होता. लग्नांचे फोटो दादा काढायचा, आणि ते कॉम्प्युटरवर निवडून, रंग नीट करून अल्बम लावायचं काम माझं. एका लग्नाचे फोटो बघत बसलो होतो, तर हार घालतानाचे सगळे हललेले निघाले. दादाचा फोटो हलत नसे. घाईगर्दीत धक्के खातसुद्धा नाही. मी त्याला हाक मारून दाखवले.

"लाइट कमी होता गा," तो म्हणाला आणि चहा सांगायला बाहेर गेला.

लाइट भरपूर होता. पुढच्या लग्नातही तेच झालं. मग वहिनीनं सांगितलं की सकाळी दाढी करताना त्याला हनुवटीवर ब्लेड लागतं आणि तो कोणाला सांगू देत नाही. आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. कंपवात आहे, गोळ्यांनी आवरेल, पण जाणार नाही, असं ते म्हणाले. दादानं एवढंच विचारलं, "उजव्या हातातच राहील की डाव्यातबी येईल?" डॉक्टरांनी खरं ते सांगितलं.

काही दिवस तो ट्रायपॉड घेऊन लग्नांना गेला. पण लग्नात कोण एका जागी उभं राहतं? माणसं इकडून तिकडे होतात, आणि ट्रायपॉड उचलून लावेपर्यंत जे घडायचं ते घडून गेलेलं असतं. मी काढतो म्हणालो, तर लोकांना दादाच हवा असे. आमच्या वस्तीतली दोन पिढ्यांची लग्नं त्यानं काढली होती.

अशात एक दिवस तो बर्डीवरच्या एका दुकानातून नवा कॅमेरा घेऊन आला. जुना कॅमेरा आणि मोठी लेन्स दुकानदाराला देऊन त्यानं तो घेतला होता, मला न विचारता. मी डबा उघडला. आत लिंबाएवढा काळा गोळा होता, पुढं एक भिंग, मागं एक भिंग. डोळा लावायला जागा नाही, फिरवायला काही नाही. काठीवर बसवायचा आणि सुरू करून द्यायचा. चहूबाजूंचं सगळं त्यात येतं, फोटो कोणता घ्यायचा ते नंतर घरी बसून ठरवायचं.

"हे काय आणलं तू?" मी म्हणालो.

"पाह्य," तो म्हणाला. काठी हातात धरून तो स्टुडिओभर फिरला. काठी थरथरत होती, मला स्पष्ट दिसत होतं. मग त्यानं ते मला कॉम्प्युटरवर लावायला सांगितलं. चित्र जराही हललं नव्हतं. भिंत, खुर्ची, मी, सगळं जागच्या जागी.

दादा हसला. आजार कळल्यापासून तो असा हसला नव्हता.

नंतरचे आठवडे आमचे बरे गेले. तो घरात, गच्चीवर, भाजीबाजारात ती काठी घेऊन फिरे, आणि दुपारी माझ्या खुर्चीमागं उभा राहून सांगे, "थांब. आता जरा डावीकडं. आता खाली. हा, इथंच." कुरड्या घालता घालता शेजारणीकडे बघून हसणाऱ्या वहिनीचा एक फोटो आम्ही असा काढला. मी तो मोठा करून छापला. वहिनी म्हणाली, "मले माहीतच नाही तुम्ही केव्हा काढला." त्या वेळी आम्हाला ते कौतुक वाटलं.

एक गोष्ट मात्र त्याला सहन होत नसे. काठी धरणारा दादा प्रत्येक चित्रात असायचा, वाकलेला, पाय ओढत चालणारा. "मी काहून दिसून राहिलो यात? काढ मले," असं तो म्हणे, आणि मी त्याला काढून टाकत असे.

मग वस्तीतल्या ओळखीच्या घरचं लग्न आलं. मुलीच्या वडिलांच्या लग्नाचे फोटोही दादानंच काढले होते. कामठी रोडवरच्या लग्नाच्या लॉनवर आम्ही दुपारीच पोचलो. मुलीला जिथं तयार करत होते त्या खोलीत दादा नेहमीसारखा आवाज देऊन गेला, मी बॅग घेऊन दारात थांबलो. पांढऱ्या साडीतली नवरी आरशासमोर होती, भोवती आत्या, मावश्या. दादानं गोळा सुरू केला.

"भाऊ, कॅमेरा कुठं आहे?" एका बाईनं विचारलं.

"हाच कॅमेरा."

"मंग तोंड कोणीकडं आहे याचं?"

"सगळीकडंच आहे, ताई."

कोपऱ्यात साडी नेसत असलेली नवरीची मावशी एकदम वळली. "म्हणजे मी इकडं पाठ करून पदर लावून राहिली, तेबी येते का यात? याले पाठ नाही का?"

"येते, पण ते मी नंतर काढून टाकतो."

"आधी घ्यायचं अन् मंग काढून टाकायचं? कोण पाहणार ते टाकायच्या आधी?"

तिनं खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि त्या गोळ्यावर टाकला. कोणी हसलं नाही. दादा टॉवेलासकट काठी घेऊन बाहेर आला. टाकायच्या आधी ते बघणारा मी होतो, आणि मावशीनं विचारलं ते बरोबर होतं.

स्टेजवर वेगळंच झालं. बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, आणि आहेर देणारी माणसं रांगेनं वर येऊ लागली. येऊन उभी राहत, पण बघायचं कुठं ते कोणाला कळेना. कोणी काठीकडे बघे, कोणी दादाच्या तोंडाकडे, कोणी खाली माझ्याकडे. "फोटोवाला आला नाही का अजून?" असं एका म्हाताऱ्यानं दादालाच विचारलं. पोरं गोळ्याला वाकुल्या दाखवायला लागली.

शेवटी मुलीचे वडील वर आले. ते रागावले नव्हते, त्यांना लाज वाटत होती. "भाऊ, वाईट नका मानू. पाहुणे बोलून राहिले. बाजूच्या लॉनवरून मी एकाले बोलावलं आहे."

तो तरुण फोटोग्राफर आला. गळ्यात दोन मोठे काळे कॅमेरे. तो वाकला, डोळा लावला, "इकडं बघा" म्हणाला, आणि सगळी रांग सरळ झाली. नवरी-नवरदेवानं माना उंचावल्या. एका क्षणात ते पुन्हा लग्न दिसायला लागलं. त्याच्याबरोबर लाइट धरायला कोणी नव्हतं. मी पुढं व्हायच्या आत दादानं स्टँडवरचा लाइट उचलला.

मी म्हणालो, "दे इकडं."

"राहू दे."

त्यानं दोन्ही हातांनी तो धरला. नवरीच्या गालावर हाराची सावली पडली होती, ती हलायला लागली. तो तरुण दोनदा थांबला, कॅमेऱ्यात बघितलं, दादाकडे बघितलं, आणि लाइटशिवाय फोटो घेऊ लागला. दादाला ते कळलं. तरी तो तसाच उभा राहिला, पाहुण्यांची रांग संपेपर्यंत.

घरी येताना ऑटोत तो म्हणाला, "लोकांचं काही चुकलं नाही गा. कॅमेऱ्याले पाहून कोणी हसत नाही. कोणीतरी डोळा लावून आपल्याले पाहून राहिला, म्हणून हसते."

त्यानंतर त्यानं लग्न घेतलं नाही. तो गोळा मी एका मोटरसायकलवाल्या पोराला विकून टाकला. हेल्मेटवर लावून तो मेळघाटात फिरतो, आणि त्याला तो फार आवडतो. स्टुडिओचा गाळा वर्षभरात आम्ही सोडला. मी आता विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका गोदामात मालाचे फोटो काढतो. माल कुठं बघायचं ते विचारत नाही.

यंदा दादाच्या मुलीचं, माझ्या पुतणीचं लग्न झालं. दादाला आधार देऊन पहिल्या रांगेत बसवलं होतं. आजार आता हातापुरता राहिलेला नाही, चेहराही ताठ झाला आहे. आतून तो खूश असतो, पण ते चेहऱ्यावर उमटत नाही. फोटोग्राफर त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला.

"काका, हसा ना जरा. मुलीचं लग्न आहे."

दादा त्याच्याकडे बघत राहिला.

"काका, थोडंसं. बस, एकच."

वहिनीनं मान दुसरीकडे वळवली. मी उठून त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला. "तो हसूनच राहिला आहे. घे तू."

त्यानं फोटो घेतला आणि पुढच्या रांगेकडे गेला.