सध्याचा पत्ता

बनाबाई तायडे खोटं बोलत, आणि त्यांच्याइतकं सफाईदार खोटं बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. "मले माहीत नाही," एवढंच म्हणत. हातातलं फडकं थांबत नसे, आवाज चढत नसे. दारात तावातावानं आलेला कुणाचा तरी नवरा उभा असे, कधी दीर, कधी सासरा. तो शिव्या देई, हातापाया पडे, पोराबाळांची शपथ घाली. बनाबाई कपाटाचा खालचा खण पुसत राहत आणि पुन्हा म्हणत, "मले माहीत नाही." माहीत मात्र सगळं असे.

मोताळ्याचं आमचं महिला आधार केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक कपाट आणि माराला कंटाळून घर सोडलेल्या बायका. शंकरराव साहेबांच्या शिक्षण संस्थेचं हे नावडतं लेकरू. कॉलेज, शाळा आणि वसतिगृहातून उरलेली मोडकी खुर्ची आमच्या वाट्याला येई. मी इथली समुपदेशक. बनाबाई एकोणीस वर्षांपूर्वी झाडूकामाला लागल्या, चाळिशीत प्रौढ वर्गात लिहायला शिकल्या, आणि हळूहळू कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला आली.

केंद्राच्या पहिल्याच वर्षी टेबलावर रजिस्टर उघडं राहिलं होतं. सही करायला बोलावलेल्या एका नवऱ्यानं त्यातला बायकोचा पत्ता उलट्या बाजूनं वाचला. आठ दिवसांनी तिला नांदुऱ्याच्या स्टँडवरून केसाला धरून नेलं. तेव्हापासून बनाबाईंनी पत्ता कागदावर येऊ दिला नाही. फाईलवर फक्त नंबर, आणि बाई आता कुठे राहते ते बनाबाईंच्या डोक्यात. रोज सकाळी कपाट उघडून त्या एकेक फाईल पुसत आणि ओठांतल्या ओठांत तिचा पत्ता म्हणत. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, काहीतरी पूजापाठ चाललाय. विचारल्यावर हसल्या. "पूजा कायची म्याडम, उजळनी चालू हाय."

बनाबाई बौद्ध. घरून निघताना रोज पंचशील म्हणून निघत, आणि त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. "तेवढ्या ठिकानी आवाज बारीक होते माहा," असं एकदा त्यांनीच सांगितलं होतं. "पन रात्री झोप लागते मले. मनून समजते, बरोबर चाललं हाय."

हे सगळं मी मोडलं. मी म्हणते, कारण दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. तीन वर्षांपूर्वी संस्थेनं सगळं कामकाज संगणकावर आणायचं ठरवलं आणि मला तर ते हवंच होतं. "बनाबाई, उद्या तुम्ही आजारी पडलात तर? इतक्या बायका कुठे आहेत हे कुणाला सांगता येईल?" मी मोठ्या शहाणपणानं विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता, याचंच आज जास्त वाईट वाटतं. त्यांनी चार दिवस शेजारी बसून सगळे पत्ते सांगितले आणि मी ते तक्त्यात भरले. शेवटच्या रकान्याला नाव दिलं, 'सध्याचा पत्ता'. फाईलींचे गठ्ठे बांधून माळ्यावर गेले.

संस्थेच्या सगळ्या संगणकांना पासवर्ड एकच होता, साहेबांची जन्मतारीख. कुण्या मुख्याध्यापकानं ते सुचवलं, साहेब खूश झाले, आणि पुढे ती तारीख बदला म्हणायची कुणाची छाती झाली नाही. दर वर्षी हीच तारीख मोताळ्याच्या चौकात पंधरा फुटी फ्लेक्सवर झळके, हात जोडलेल्या साहेबांच्या फोटोखाली. वाढदिवस कितवा हेही त्यावर असे, त्यामुळे सालाचाही प्रश्न नव्हता. बनाबाईंनी पासवर्ड ऐकला आणि म्हणाल्या, "म्याडम, हे कुलूप हाय का? चावी तं चौकात टांगेल हाय." मी हसले. पुढे चार जणांत गंमत म्हणून सांगितलंसुद्धा. पासवर्ड बदला असं एक साधं पत्र मात्र दिलं नाही.

पुसायला फाईली उरल्या नाहीत, तशी उजळणीही गेली. नवी बाई आली की बनाबाई तिला माझ्याकडे पाठवू लागल्या. "संगनकात राह्यते आता," असं तिला सांगत आणि स्वतःचीही समजूत घालत.

मागच्या नोव्हेंबरात एका मंगळवारी सकाळी संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लिंक आली. साहेबांच्या कॉलेजनं मुलांचे मूळ दाखले अडवून ठेवले होते. त्याचा राग धरून कुठल्याशा निनावी गटानं संस्थेचे संगणक फोडले होते आणि आतलं होतं-नव्हतं ते इंटरनेटवर मांडलं होतं. वर लिहिलं होतं, 'लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला?' त्यांचा राग खोटा नव्हता, साहेबांची पत्रंही लोकांनी वाचावीत अशीच होती. पण त्यांनी काही निवडलं नाही, पाखडलं नाही. वसतिगृहाची हजेरी, शाळेतल्या खिचडीचा तक्ता, आणि त्याच्याच खाली आमचा तक्ता. लोकांचे कैवारी म्हणवणाऱ्यांनी तो एकदा उघडून तरी पाहायचा. मला त्यांचा अजून संताप येतो, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच असतो.

दहाच्या सुमारास साहेबांचा माणूस आला आणि चौकशीसाठी म्हणून आमचा संगणक वायरींसकट उचलून घेऊन गेला. माझ्या फोनवर तक्त्याचं नाव दिसे, पण तो उघडत नव्हता. म्हणजे यादी आता साऱ्या जगाकडे होती, फक्त आमच्याकडे नव्हती. बनाबाई रिकाम्या टेबलाशी बसल्या, डोळे मिटले, आणि फाईल पुसल्यासारखा हात फिरवत जुने पत्ते आठवू लागल्या. कुठे अडल्या, किंवा बाई संगणकानंतरची असली, की मी ओळखीपाळखीत विचारत होते. कुणाला फोन केला, कुणाच्या घरमालकाला निरोप दिला. दुपारी बारापर्यंत एकतीस जणींना कळवून झालं. राहिली एक आशा.

आशा धामणगाव बढ्याची. नवऱ्यानं विळा मारल्याची खूण तिच्या मानेवर होती. एकदा त्यानं मोबाईलवरून तिचा माग काढला, म्हणून तिनं मोबाईल ठेवलाच नव्हता. ती शेगावात असे, पण दिवाळीआधी तिनं खोली बदलली आणि केंद्रात येऊन सांगून गेली. आधी ती बनाबाईंकडेच गेली होती. त्या म्हणाल्या, "म्याडमले सांग, थ्या लिवून घेतात." मी लिहून घेतलं आणि विसरले.

"शेगावात कुठी हाय ते, म्याडम?" बनाबाईंनी विचारलं.

मला आठवेना. पोलिसांना कळवायचं तरी पत्ता हवा होता. शेवटी मी फोनवर ती लिंक पुन्हा लावून पाहिली, तेव्हा तक्ता उघडला. ज्या यादीतून तिचा नवरा तिचा पत्ता वाचणार होता, त्याच यादीतून आम्ही तो वाचला. स्टेशनमागची एक चाळ, कामाला जवळच्या खाणावळीत. माझ्या रकान्यात, माझ्याच शब्दांत. पोलिसांना फोन केला, ते 'बघतो' एवढंच म्हणाले, आणि आम्ही दोघी एसटीनं निघालो.

नांदुऱ्याला गाडी बदलून पोचायला दोन तास लागले. खाणावळीच्या मागच्या पडवीत आशा पोळ्या लाटत होती. आम्हा दोघींना एकदम पाहून तिचं लाटणं थांबलं.

"कोनी सांगतलं त्याले?"

"समदे पत्ते मोबाईलवर फिरून राह्यले. त्यानं वाचलं का नाही ठाव नाही, पन वाचीन," बनाबाई म्हणाल्या. "माह्याकून गेलं, बाई."

'माझ्याकडून' हे मी म्हणायला हवं होतं. मी शेजारीच उभी होते आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. त्याची लाज मला जन्मभर पुरेल.

आशानं रडारड केली नाही. हाताचं पीठ धुतलं आणि खोलीतून एक पिशवी घेऊन आली. स्टेशनवर तिकीट काढायला ती एकटीच खिडकीशी गेली. मी मागे जायला लागले तर बनाबाईंनी मनगट धरलं. तिकीट घेऊन आशा परत आली आणि सवयीनं बनाबाईंच्या कानाशी वाकली. संगणक येईपर्यंत बायका तशाच वाकत आल्या होत्या. बनाबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"मले सांगू नको."

"तुमच्या डोक्यात राहू द्या, मावशी. कोनाले तरी माहीत पायजे ना."

"आता माह्या डोक्याचा भरोसा नाही राह्यला. सांगू नको, माय."

आशा नागपूरकडे गेली की भुसावळकडे, मला माहीत नाही. भोंग्यावर गाडीचं नाव घेतलं तेव्हा बनाबाईंनी पदरानं कान झाकले आणि मलाही झाकायला लावले. मग मला रुळांकडे पाठ करून उभं केलं आणि स्वतःही तशाच उभ्या राहिल्या. गाडी निघून गेल्यावरही बराच वेळ आम्ही वळलो नाही.

तिचा नवरा दुसऱ्याच दिवशी खाणावळीत पोचला, मोबाईलवर आमचा तक्ता उघडून. तिथे ती सापडली नाही म्हणून तिसऱ्या दिवशी केंद्रात आला. बनाबाई रिकामं कपाट पुसत होत्या.

"आशा कुठी हाय?"

बनाबाईंनी फडकं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या तोंडाकडे बघून त्या म्हणाल्या, "मले माहीत नाही."

त्यानं वाद घातला नाही, शिवी दिली नाही. त्याला ते पटलं आणि तो निघून गेला.

बनाबाई स्टुलावर बसल्या. मी पाणी आणून दिलं आणि मनात आलं ते बोलून गेले, "आज खरं बोललात, बनाबाई."

"हाव," त्या म्हणाल्या. "खोटं बोलत होती तवा झोप लागे मले. तीन दिवस झाले, डोळ्याले डोळा नाही."

मग त्यांनी कमरेची किल्ली सोडून टेबलावर माझ्यासमोर ठेवली आणि फडकं धुवायला घेऊन गेल्या.