एकशे अठरा नंबरच्या दोन चिठ्ठ्या

माझ्या वडिलांचा छापखाना श्रीगोंद्यात एका गाळ्यात होता. पोट लग्नपत्रिकांवर भरायचं, आणि मन पत्रकांवर. मोर्च्याची पत्रकं, निषेधाची पत्रकं, ऊसतोड मजुरांच्या मागण्यांची पत्रकं. उरलेल्या कागदांत माझा शाळेचा डबा गुंडाळलेला असे आणि भाकरीला शाईचा वास यायचा. मी वाचायला शिकले ती त्याच कागदांवर. ‘धिक्कार असो’ हे शब्द मला कमळ आणि बदकाच्या आधी वाचता आले, हे वडील आल्यागेल्याला कौतुकाने सांगत.

त्यांच्या पत्रकात दर हंगामाला एक मागणी ठरलेली: कारखान्याच्या यार्डात एकच रांग करा. उसाने भरलेली वाहनं गाळपासाठी जिथे थांबतात ते मैदान म्हणजे यार्ड. ट्रॅक्टर बड्या बागायतदारांचे. बैलगाड्या पाथर्डी-शेवगावच्या कोरड्या गावांतून आलेल्या तोडणी मजुरांच्या. ट्रॅक्टर पुढे काढले जायचे आणि बैल जुवाखाली उन्हात उभे राहायचे. ‘आधी आला त्याचा आधी नंबर’ ही ओळ वडिलांनी इतक्या वेळा छापली की तिचे ठसे झिजले.

मी कॉम्प्युटर शिकले आणि नगरला, सावेडीत, एका छोट्या कंपनीत लागले. तिथे एका कारखान्याचं काम आलं: यार्डात वाहनांना नंबर देणारा प्रोग्रॅम. मला काय वाटलं असेल ते सांगायला नको. वडिलांनी तीस वर्षं जे मागितलं ते मी लिहून टाकणार होते. ट्रॅक्टरची खिडकी वेगळी, बैलगाड्यांची वेगळी, पण नंबर एकाच ओळीतले. मालक कोण, गाडी कसली, हे प्रोग्रॅमला कळणारच नाही. घरी जाऊन मी वडिलांना म्हटलं, “आता पत्रक काढायची गरज नाही.” ते हसले. त्यांच्या हसण्यात थोडा संशय होता, तो मला तेव्हा म्हातारपणाचा वाटला.

प्रोग्रॅम कसा होता ते सांगते, कारण गुन्हा तिथेच आहे. एकाच प्रोग्रॅममध्ये दोन कामं एकाच वेळी चालत होती, प्रत्येक खिडकीचं एक. आमच्या धंद्यात त्याला थ्रेड म्हणतात. शेवटचा नंबर एकाच जागी ठेवलेला. थ्रेडने तो वाचायचा, गाडीची माहिती काढायची, एक मिळवायचा, नवा नंबर परत तिथे लिहायचा आणि चिठ्ठी छापायची. पण एका थ्रेडने एकशे सतरा वाचला आणि एकशे अठरा लिहिण्याआधीच दुसऱ्यानेही एकशे सतराच वाचला, तर दोघंही एकशे अठराचीच चिठ्ठी देणार. म्हणून मध्ये लॉक घालतात. आमच्या गावात सामाईक विहिरीच्या स्टार्टरपेटीला एकच किल्ली असते. ज्याच्या घरी किल्ली त्याची मोटर, बाकीच्यांनी थांबायचं. लॉक म्हणजे तेवढंच.

मी लॉक घातलं होतं. हे मी बचावासाठी सांगत नाही, उलट आहे.

क्लार्कने चिठ्ठीचा स्क्रीन उघडला की लॉक लागायचं आणि चिठ्ठी छापली की सुटायचं. ऑफिसात हे सुरेख चाललं. यार्डात बैलगाडीच्या खिडकीवर जो क्लार्क होता, तो स्क्रीन उघडायचा, गाडीचा नंबर टाकायचा आणि मग पुढे वाकून विचारायचा, “गाव कोणतं?” गाव कळलं की आडनाव. आडनाव कळलं की, “मग त्या वस्तीवरचे ते तुमचे कोण?” चुलत मामा निघाला की तंबाखूची पुडी बाहेर यायची. आपल्याकडे माणूस कुणाचा कोण हे कळल्याशिवाय कागद हातात देणं उद्धटपणाचं समजतात. तेवढा वेळ किल्ली त्याच्याकडे. पलीकडच्या खिडकीवरचा स्क्रीन गोठलेला आणि ट्रॅक्टरवाले हॉर्नवर कोपर टेकवून बसलेले.

तक्रार आली. साहजिकच ट्रॅक्टरवाल्यांची आली. आमचे साहेब मला म्हणाले, “ते लॉक काढून टाक.”

“काढलं तर एकच नंबर दोनदा निघेल.”

“दोघं एकाच क्षणी बटण दाबतील तेव्हा ना? कधी दाबणार? सिनेमात?”

बरोबर उपाय मला माहीत होता. लॉक काढायचं नाही, आवळायचं. चौकशी, तंबाखू, चुलत मामा सगळं बाहेर ठेवायचं आणि फक्त नंबर वाचून लिहिण्यापुरती किल्ली घ्यायची. एका दुपारचं काम होतं. पण मला संध्याकाळी एका सभेला जायचं होतं, मजुरांच्याच हक्कांच्या. तिथे मी बोलणार होते. मी लॉकच्या ओळी पुसल्या आणि सभेला गेले. भाषण चांगलं झालं.

दोनेक आठवड्यांनी मी यार्डात नेहमीच्या भेटीला गेले होते. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. गव्हाणीपाशी, म्हणजे ऊस यंत्रात पडतो तिथे, घोळका होता. एक ट्रॅक्टर आणि एक टायरगाडी, म्हणजे रबरी चाकांची बैलगाडी, एकमेकांना अडवून उभे होते. दोन्ही चिठ्ठ्या सुपरवायझरच्या हातात. दोन्हींवर एकशे अठरा.

गाडीवान पस्तिशीचा, अंगाने काटकुळा. शेजारी त्याची बायको, डोक्याला टॉवेल बांधलेली, अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट.

“झेरॉक्स मारलीस व्हय रं?” सुपरवायझर म्हणाला.

“झेरॉक्स कुठं मारू सायेब? उसात? खिडकीतनं दिली तीच हाय.”

“मग हा ट्रॅक्टर खोटा?”

“त्ये मी कशाला म्हणू? माझी खरी हाय येवढंच म्हणतो.”

ट्रॅक्टरवाला वरूनच म्हणाला, “ह्यांच्या पोरांना मोबाईलवर सगळं येतंय. आता कारखाना बी डाऊनलोड करतील.” लोक हसले.

बायको म्हणाली, “हसू नगा. कागुद बगा, शाई बगा. दोन्ही एकाच मशीनची न्हाई का?”

तेवढ्यात सुपरवायझरने मला पाहिलं. “ह्या मॅडमनी प्रोग्रॅम केलाय. त्यांनाच विचारू.”

घोळका वळला. गाडीवानाच्या चेहऱ्यावर एकदम हुशारी आली. त्याने मला ओळखलं असावं. मागच्या हंगामात मी वडिलांची पत्रकं त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, वाटली होती. “ताई, तुमी सांगा,” तो म्हणाला. “निघंल का न्हाई दोनदा?”

कारखान्याचा नियम मला ठाऊक होता. खोटी चिठ्ठी सापडली की हंगामापुरती दिलेली टायरगाडी काढून घेतात. गाडी गेली की स्वतःचे बैल बसून खातात, आणि नवरा-बायको दुसऱ्याच्या हाताखाली नुसते तोडायला. त्याला हो किंवा नाही, एवढंच माझ्याकडून हवं होतं.

मला पुसलेल्या ओळी आठवल्या. हे मी कबूल करते. आठवल्या, आणि त्याच क्षणी असंही वाटलं की सगळ्यांसमोर हा प्रोग्रॅम चुकीचा ठरला, तर उद्या परत दोन रांगा होतील, परत ट्रॅक्टर पुढे. तत्त्वासाठी माणूस किती चटकन खोटं बोलतो ते मला त्या दिवशी कळलं. शिवाय सगळं तत्त्वच नव्हतं. चाळीस माणसांत, जवळजवळ सगळे पुरुष, मी एकटी शहाणी उभी होते. ते शहाणपण मला सोडवेना.

“एक नंबर दोनदा निघू शकत नाही,” मी म्हणाले. “प्रोग्रॅम तसा लिहिलेलाच नाही.”

गाडीवान बैलांकडे वळला. बायको बोलली. “मशीन आमच्याच टायमाला बरं खोटं बोलत न्हाई.”

सुपरवायझरने चिठ्ठी फाडली. बैल सोडले गेले, आणि उसाने भरलेली गाडी माणसांनी ढकलत बाजूला नेली.

दुपारी नगरला येऊन मी नोंदी उघडल्या. प्रोग्रॅम प्रत्येक कामाची वेळ टिपून ठेवतो. दोन्ही थ्रेड, दोघांनीही एकशे सतरा वाचलेला, एकाच सेकंदात. सकाळी आठ वाजून शून्य मिनिटं. मागचे दिवस पाहिले. आणखी चार वेळा तसंच झालं होतं, आणि चारही वेळा वेळ तीच, पाळी बदलण्याची. आठ किंवा चार.

आठ वाजता कारखान्याचा भोंगा होतो. भोंग्याआधी छापलेली चिठ्ठी मागच्या पाळीच्या नावावर जाते, म्हणून नवीन पाळीचा क्लार्क पहिल्या गाडीची माहिती आधीच भरून, बटणावर बोट ठेवून बसतो. भोंगा झाला की दाबतो. दोन्ही खिडक्यांवर. रोज.

दोघं एकाच क्षणी कधी दाबणार? माझा जन्म त्या भोंग्याच्या टप्प्यात झाला. आमच्या गावात दूध, शाळा, औषध, भांडण सगळं त्याच्यावर चालतं. आमची आई अजून त्यावर कुकर लावते. हजारो माणसांना एकाच क्षणी हलवणारं यंत्र माझ्या कानात लहानपणापासून वाजत होतं, आणि मी सावेडीच्या ऑफिसात, एका बोटाने आधी ही आणि मग ती खिडकी तपासून, सगळं ठीक असल्याचा शेरा मारला होता.

त्या आधीच्या चार दुबार नंबरांचं काय झालं, तेही मी शोधलं. चारही वेळा एक ट्रॅक्टर आणि एक बैलगाडी. चारही वेळा बैलगाडी मागे घेतलेली. ओरड झाली नाही, कारण मागे जायला बैलगाडीवाल्यांना कारण लागत नव्हतं. पाचवा मात्र माझी खरी आहे म्हणाला. म्हणून चोर ठरला.

मी लॉक परत घातलं, आवळून. चार ओळी. मग सुपरवायझरला फोन केला आणि सगळं सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “गाडी सकाळीच दुसऱ्याला दिली, मॅडम.”

“मग परत घ्या.”

“त्या दुसऱ्याने काय केलंय? एक गाडी दोघांना कशी देऊ? तुमच्या प्रोग्रॅमला जमतं ते. मला नाही जमत.”

आमचे साहेब म्हणाले, दुरुस्ती झाली ना, आता तोंड बंद. मी घरी गेले. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांनी चष्मा पुसला, कॉम्प्युटर सुरू केला आणि पत्रक लिहायला बसले. माझ्यासमोर. ‘यार्डातील संगणकाचा निषेध असो. संगणकाने कष्टकऱ्याला चोर ठरवले.’ छापून झाल्यावर पहिली प्रत नेहमीसारखी माझ्याकडे दिली. घरातली प्रुफं मीच तपासते.

मी ‘संगणकाने’ खोडलं आणि वर लिहिलं: ‘प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाईने, स्वतःची चूक माहीत असताना, चार माणसांत खोटी साक्ष देऊन’. खाली त्या दोन नोंदी घातल्या, सेकंदासकट.

वडिलांनी वाचलं. “हे छापलं तर नोकरी जाईल.”

“हो.”

“मग ‘माहीत असताना’ ठळक करू,” ते म्हणाले. जवळ घेणं, पाठीवरून हात, तसलं काही नाही. आमच्या घरात ती रीत नव्हती, आणि त्या दिवशी तर मला ते मागायचा अधिकारही नव्हता.

दुसऱ्या दिवशी यार्डाच्या फाटकावर मी ती पत्रकं वाटली. ट्रॅक्टरवाल्यांनी वाचली आणि हसले. सुपरवायझरने आपलं घडी करून खिशात ठेवलं. साहेबांचा फोन दुपारच्या आत आला, दोन वाक्यांचा. मग गठ्ठा घेऊन मी ते दोघं ज्या फडात तोडत होते तिथे गेले.

बांधाला त्यांचे बैल बांधलेले होते, समोर उसाच्या शेंड्यांचं वाढं पडलेलं. फडात दुसऱ्याची गाडी भरली जात होती. गाडीवानाने मला पाहिलं आणि कोयता चालूच ठेवला. बायको कंबर धरून उभी राहिली. मी कागद पुढे केला.

“मला कुठं वाचाया येतंय?” ती म्हणाली. “तुमीच वाचा. मोठ्यानं. त्या दिशी बोलल्या हुत्या तसं.”

मी वाचलं. टोळीतली आठ-दहा माणसं तोडता तोडता ऐकत होती. ‘खोटी साक्ष’पाशी माझा आवाज खाली गेला, तर ती म्हणाली, “न्हाई आलं ऐकू.” मी परत वाचलं.

“आता बाकीच्या गाड्यांस्नी बरूबर नंबर मिळतोय?”

“मिळतोय.”

“आन् आमची गाडी?”

“ती दुसऱ्याला दिलीय. देत नाहीत परत.”

तिने मान हलवली, जणू हे तिला माझ्याआधीच ठाऊक होतं. कागद घेऊन चार घड्या केल्या आणि कमरेला खोचला. “मुकादमाला दावते. चोर म्हणतोय उठता-बसता.” मग म्हणाली, “त्या दिशी निस्तं ‘निघतोय दोनदा’ म्हणल्या असत्या, तर येवढा कागुद लागला नसता.”

मी काही बोलणार होते. माफी मागणार होते बहुतेक. तेवढ्यात लांबून चारचा भोंगा झाला. यार्डात दोन खिडक्यांवर दोन बोटं त्याच क्षणी खाली गेली असणार, आणि आता एकाला थांबावं लागलं असणार, डोळ्याची पापणी लवेपर्यंत. तेवढंच करायचं होतं.

“सरका,” ती म्हणाली. “मोळी उचलायचीय.”

मी सरकले. तिने मोळी डोक्यावर घेतली आणि दुसऱ्याच्या गाडीकडे चालू लागली.