दोन गुण

मैदानावर नव्यानं फक्की मारली, की त्या चुन्याच्या वासानं मला सोलापुरातल्या आमच्या कॉलेजचं बास्केटबॉल कोर्ट आठवतं, जिथं संध्याकाळ मुलांची आणि दुपारचं ऊन मुलींचं, असा निलाजरा नियम होता. विचारलं तर खेळाचे सर म्हणायचे, "एकीनं तरी उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये घालून, डंक करून दाखवा, मग मागा संध्याकाळ." आमच्यातली करकंबची उंच पोरगी वर्षभर त्या उन्हात रिंगकडं उड्या मारत राहिली. शेजारच्या कॉलेजाशी सामना होता, त्या दिवशी मी गुण मांडायला बसले होते. ती तिघींना चुकवून आत शिरली, उडाली आणि तिनं वरून चेंडू रिंगमध्ये अक्षरशः कोंबला. बोर्ड थरथरला, मी पेन टाकून टेबलावर चढले आणि घसा बसेपर्यंत ओरडले. सरांनी तेवढ्यात गुणांचा कागद उचलला. "हितं तर काहीच मांडलेलं नाही." डोकं फिरलं माझं, पण चूक माझीच होती. तेव्हा समोरच्या संघाची कॅप्टन धापा टाकत टेबलाशी आली. "मांडा की सर, माझ्याच डोक्यावरनं घातलाय तिनं. न्हाय कसं म्हणता?" रेफरीनंही दोन बोटं दाखवली. सरांनी कागद परत माझ्यापुढं सरकवला, आणि करकंबची पोरगी घाम पुसत म्हणाली, "मग सर, उद्या संध्याकाळी कितीला येऊ?" मुलींच्या हक्काची पत्रकं मी आजही लिहिते, पण कागद फाटेस्तोवर दाबून मांडलेला तो दोनचा आकडा, तेच माझं सगळ्यात चांगलं लिखाण.