तुळशीशेजारची कुंडी

निशिकांत आणि मी विषुववृत्ताजवळच्या या शहरात रॅफल्स प्लेसला एकाच बँकेत अकाउंट्समध्ये, आणि क्वीन्सटाउनला एकाच ब्लॉकमध्ये शेजारी. त्याची एकुलती एक मुलगी ऋता शिकायला स्कॉटलंडला गेली आणि २००६ साली तिनं तिथंच राहायचं ठरवलं. निशिकांतनं फक्त तिच्या अंगणातल्या रॉक गार्डनमधल्या ऑब्रिएटाचं बी मागवून घेतलं. थंड डोंगरांतलं हे झाड दगडांवर सतरंजीसारखं पसरतं आणि जांभळं फुलतं.

"इथं नाही जगणार, बाबा. टू हॉट लाह," ऋता फोनवर इथल्याच लहेजात म्हणाली.

"डिसेंबरात येशील तेव्हा बघ."

उथळ कुंडीत त्यानं खडी, वाळू, दगड रचले. सकाळच्या उन्हाला कुंडी कॉरिडॉरमध्ये त्याच्या आईच्या तुळशीशेजारी. ऑफिसला निघताना आत, एसीच्या खोलीत. पाणी अगदी बेतानं, कारण मुळं ओली राहिली की हे झाड कुजतं. रोपं दगडावर चढली तेव्हा त्यानं मला मुद्दाम बोलावून दाखवली.

ऑक्टोबरात पानं काळी पडू लागली. एका रविवारी आम्ही कॉरिडॉरमध्ये बोलत असताना कारण कळलं. त्याच्या आई आंघोळ करून आल्या, तुळशीला पाणी घातलं आणि तांब्यात उरलेलं सगळं शेजारच्या दगडांत ओतलं.

"रोज घालतेस?" निशिकांतनं विचारलं.

"मग? ऋताचं झाड ते. तू ठेवतोस तहानलेलं."

"बरं करतेस," तो म्हणाला.

झाड गेलं. तरी तो रोज कुंडी बाहेर ठेवी, आणि आई रोज पाणी घालत.

डिसेंबरात ऋता आली. लिफ्टमध्ये माझ्यासमोरच तो तिला हळूच म्हणाला, "झाड नाही राहिलं. आजीला कळू देऊ नकोस."

तो सामान आत नेत होता, तेवढ्यात आजीनं नातीला कुंडीपाशी ओढलं. "तुझं झाड गेलं गं. माझंच पाणी जास्त झालं. पण तो बिचारा रोज कुंडी बाहेर ठेवतो, मग मीही घालत राहिले."

ऋता खाली वाकली. दगडांच्या फटींतून इवली रोपं वर आली होती. शेजारच्या मंजिऱ्यांचं बी तिथं पडून रुजलं होतं.

"हे काय, तुळस?"

"तीच. पाणी वाया नाही गेलं."

"मला बी दे, आजी. तिकडे खिडकीत लावते."

निशिकांत दारात उभा होता. सवयीनं तो कुंडी आत न्यायला वाकला.

"राहू दे बाहेर," आई म्हणाल्या. "हिला ऊन लागतं."